एकाच पिशवीतल्या दोन चिठ्ठ्या

औसा, जि. लातूर

प्रति,
लातूर-नांदेड भागात गुडघेदुखीवर उपचार करणारे सर्व अस्थिरोगतज्ज्ञ, फॅमिली डॉक्टर आणि वैद्य यांस



औशात माझं औषधाचं दुकान आहे. तुमची-माझी ओळख अक्षरातून. तुमच्यापैकी कोण गोळीच्या नावाचा शेवट कधीच पूर्ण करत नाही आणि कोण काढ्यापुढे 'कोमट पाण्यातून' हे न चुकता लिहितो, ते मला पाठ आहे. तुमच्या चिठ्ठ्या माझ्या काउंटरवर येतात आणि गुडघ्याच्या पेशंटच्या बाबतीत त्या हल्ली जोडीनं येतात. पिशवीतून आधी हाडांच्या डॉक्टरांची फाइल निघते, एक्स-रे निघतो आणि तळातून चार घड्या घातलेला वैद्यांचा कागद निघतो. दोन्हींवर एकाच महिन्याची तारीख असते, पण एका कागदाला दुसऱ्याची खबर नसते.

म्हणून हे पत्र दोघांना मिळून. एका पॅथीला दुसरीची तक्रार सांगण्यासाठी मी लिहीत नाही, तसं केलं तर दोघांचीही गिऱ्हाइकं माझ्याकडे येणं बंद होईल. माझं म्हणणं एवढंच आहे: सालई, हळद, सुंठ, गुळवेल यांचा झिजलेल्या गुडघ्यावर काही उपयोग होतो का, किती होतो आणि त्याची किंमत काय, याची बरीचशी उत्तरं आपल्याच महाराष्ट्रात शोधली गेली आहेत. पेशंटला मात्र ती तुमच्याकडून मिळत नाहीत. ती त्याला टीव्हीवरून, भाच्याच्या मोबाइलवरून आणि यात्रेतल्या तंबूतून मिळतात.

आधी हे पेशंट कोण, ते सांगतो. उभं आयुष्य उकिडवं बसून खुरपणी केलेल्या, सोयाबीन काढलेल्या बायका यात सगळ्यांत जास्त. लातूरला २०१६ साली रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे सगळ्या देशानं पाहिलं. त्याच्या आधी आणि नंतरही कमरेवर घागर घेऊन चालणाऱ्या गुडघ्यांची बातमी कुठं झाली नाही. किल्लारी आमच्याच तालुक्यात. १९९३च्या भूकंपात ज्यांचा पाय सांध्यापाशी मोडला, त्यातले तेव्हाचे तरुण आता साठीला टेकलेत, आणि जुन्या इजेचा सांधा लवकर झिजतो हे तुम्हाला मी सांगायला नको. नवरात्रात आणि कोजागरीला तुळजापूरला पायी निघालेली माणसं दुकानावरून जातात तेव्हा पट्ट्या, मलम आणि 'ती लाल गोळी' यांचा खप किती वाढतो, ते माझ्या वहीत आहे.

हे दुखणं थोड्याथोडक्यांचं नाही. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन चार हजारांवर प्रौढांना विचारलं, तेव्हा शंभरातल्या अठराजणांना सांध्या-स्नायूंचं काही ना काही दुखणं निघालं. त्यात झिजेच्या सांध्यांचा वाटा मोठा होता. भिगवण आणि औसा यांच्या शेतात फरक असेल, बसण्याउठण्यात फारसा नाही.

आता तक्रारी. पहिली दोघांवर मिळून आहे आणि ती सगळ्यांत साधी आहे. तुम्ही विचारत नाही. "आणखी काय काय घेता?" हा प्रश्न मी तुमच्या पेशंटच्या तोंडून, "डॉक्टरांनी विचारलं होतं", असा फार क्वचित ऐकला आहे. आणि पेशंट आपणहून सांगत नाही. वैद्यांकडे जाऊन आलो हे कळलं तर डॉक्टर रागावतात अशी त्याची समजूत, आणि वैद्य 'ती इंग्रजी औषधं आधी बंद करा' म्हणतील अशी दुसरी समजूत. दोन्ही समजुतींना तुमच्या वागण्यातून काही ना काही आधार मिळालेला असतो.

परवा एक काकू आल्या. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टनची गोळी, तिच्यातच पाणी काढणारं औषध मिसळलेलं. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक दिवसातून दोनदा. वैद्यांचा गुग्गुळ. शिवाय मुलीनं पुण्याहून पाठवलेल्या हळदीतल्या कर्क्युमिनच्या कॅप्सूल, मिऱ्याच्या अर्कासह. बाहेर ऊन बेचाळीस अंशांचं आणि काकू दिवसभर पाणी किती पितात तर दोन तांबे. पहिल्या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की किडनीवर काय बेततं, हे पुस्तकात तुम्ही शिकला आहात: रक्तदाबाची ती गोळी, पाणी काढणारं औषध आणि पेनकिलर. वर पेनकिलरनं रक्तदाब चढतो तो वेगळाच. गुग्गुळाचं म्हणाल तर मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या औषधशास्त्राच्या मंडळींनी १९९४ मध्ये दाखवलं होतं की गुग्गुळाच्या अर्काबरोबर प्रोप्रॅनोलॉल आणि डिल्टियाझेम ही हृदयाची औषधं घेतली तर रक्तात ती कमी पोचतात. काकूंना ती औषधं नव्हती, पण ज्यांना आहेत त्यांनाही गुग्गुळ देताना कुणी विचारल्याचं माझ्या पाहण्यात नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांचंही तेच. काकूंना मी डायक्लोफेनॅक दिलं नाही, डॉक्टरांना फोन करा म्हटलं. फोन लागला नाही. त्या समोरच्या दुकानात गेल्या.

आता फक्त डॉक्टरसाहेबांना. वनस्पतींचं नाव काढलं की तुमच्यातले पुष्कळजण हात झटकतात. "घ्या, काही होत नाही त्यानं," किंवा "सगळं थोतांड आहे." एरवी तुमची गंमत अशी की औषध कंपनीचा एमआर चकचकीत पुस्तिका घेऊन आला आणि त्याच सालईची कॅप्सूल तिप्पट किमतीला, वर ग्लुकोसामाइन घालून देऊन गेला, की ती तुमच्या चिठ्ठीवर येते. म्हणजे झाड नको, झाडाचा ब्रँड चालतो. ग्लुकोसामाइनबद्दल अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं २०१९च्या मार्गदर्शिकेत 'देऊ नका' असं ठामपणे लिहिलं आहे. माझ्या दुकानातून ते अजून रोज जातं, तुमच्याच सहीनं.

थोतांड म्हणण्याआधी घरचंच काम बघा. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजमधून १९९१ साली ४२ पेशंटवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अश्वगंधा, सालई, हळद आणि जस्ताचं संयुग असं औषध तीन महिने, मध्ये थोडा खंड, मग तीन महिने नकली गोळी. काहींना उलट्या क्रमानं. कुणाला कधी काय मिळतंय ते पेशंटलाही माहीत नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. दुखणं आणि अडखळणं कमी झालं. एक्स-रेत काही बदललं नाही. नागपूरच्या मंडळींनी २००३ मध्ये फक्त सालईचा अर्क घेऊन ३० पेशंटवर असंच केलं, ३३३ मिलिग्रॅमची कॅप्सूल दिवसातून तीनदा, आठ आठवडे. दुखणं उतरलं, गुडघा जास्त वाकायला लागला, चालण्याचं अंतर वाढलं. एक्स-रे तसाच. २००४ मध्ये डॉ. चोप्रांच्या गटाचा ९० पेशंटवरचा ३२ आठवड्यांचा अभ्यास आला. त्यात अश्वगंधा, सालई, सुंठ आणि हळद होती, आणि नकली गोळीपेक्षा ती सरस ठरली.

मग २०१३ साली मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. केंद्र सरकारच्या वैज्ञानिक परिषदेनं, म्हणजे सीएसआयआरनं, पैसा घातलेला. वैद्य आणि संधिवाततज्ज्ञ एकाच टेबलाशी बसलेले. ४४० पेशंट, २४ आठवडे. गुळवेल, सुंठ, आवळा, सालई यांच्या अर्कांची औषधं एका बाजूला, ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब ही पेनकिलर दुसऱ्या बाजूला. दुखणं आणि हालचाल या दोन्ही बाबतींत वनस्पतींची औषधं त्या दोघांच्या बरोबरीची ठरली. ग्लुकोसामाइनशी बरोबरी हा काही फार मोठा मान नव्हे, पण सेलेकॉक्सिबशी बरोबरी हलक्यात घेण्यासारखी नाही.

अर्थात तुम्ही म्हणाल, ३० पेशंटवर काय ठरतं? बरोबर आहे. गुडघ्याच्या दुखण्यात नकली गोळीनंसुद्धा पुष्कळांना बरं वाटतं. हे दुखणं आपोआप चढतं-उतरतं, आणि माणूस औषध घ्यायला येतो तो चढलेलं असताना. म्हणून 'आमच्या मावशीला गुण आला' याला मी पुरावा धरत नाही. पण जगभरचे अभ्यास एकत्र चाळणाऱ्या कॉक्रेनच्या मंडळींनी २०१४ साली सालईच्या शुद्ध केलेल्या अर्काबद्दल जे लिहिलं ते वाचा: ९० दिवसांनी, शंभराच्या मापावर, नकली गोळीपेक्षा दुखणं सुमारे १७ अंकांनी कमी. डोंगर हलला नाही, पण संडासला उठताबसता हा फरक जाणवतो.

हळदीचंही तसंच. थायलंडमध्ये ३६७ पेशंटवर हळदीचा अर्क रोज १५०० मिलिग्रॅम आणि आयब्युप्रोफेन १२०० मिलिग्रॅम यांची चार आठवडे तुलना झाली. गुण सारखा, पोटाची तक्रार अर्कवाल्यांत कमी. कऱ्हाडच्या कृष्णा इन्स्टिट्यूटच्या संशोधकांचा २०१९चा अभ्यास डायक्लोफेनॅकशी तुलनेचा होता, १३९ पेशंटचा. त्यात कोण काय घेतंय ते सगळ्यांना माहीत होतं, हा कच्चा दुवा धरूनही एक गोष्ट बघण्यासारखी आहे: आम्लपित्ताची गोळी डायक्लोफेनॅकवाल्यांपैकी १९ जणांना लागली, कर्क्युमिनवाल्यांपैकी एकालाही नाही. पोटातला अल्सर, किडनी आणि हृदय यांच्यामुळे ज्या पेशंटला तुम्हाला पेनकिलर देता येत नाही, त्याच्यासमोर तुम्ही हात वर करता. त्याला निदान ही वाट आहे का, एवढं तरी तपासा.

आणि हे सगळं होतं कसं, यातही गूढ काही नाही. झिजलेल्या कूर्चेचे कण सांध्याच्या अस्तराला चेतवतात, अस्तर सुजतं, ती सूज पुन्हा कूर्चा खाते. सालईच्या डिंकातली बॉस्वेलिक आम्लं ल्युकोट्राइन तयार करणाऱ्या विकराला अडवतात, ज्याला तुमची नेहमीची पेनकिलर हातही लावत नाही. हळदीतलं कर्क्युमिन सूज पेटवणाऱ्या पेशीतल्या खटक्यावर काम करतं. आलं वाळलं की त्यातल्या जिंजेरॉलचा काही भाग शोगॉल होतो, म्हणून सुंठ आणि आलं औषध म्हणून एकच नव्हे. वैद्यांना हे रसायनाच्या भाषेत माहीत नव्हतं, पण सुंठेच्या जागी त्यांनी आलं लिहिलं नाही.

आता वैद्यांकडे वळतो. तुमच्यावरचा माझा राग थोडा जास्त आहे, कारण अपेक्षा जास्त आहे.

"वनस्पती आहे, साइड इफेक्ट नाही." हे वाक्य मला तुमच्या तोंडून ऐकायचं नाही. वर सांगितलेला ४४० पेशंटचा अभ्यास तुमच्या बाजूचा आहे ना? त्यातच वनस्पतींची औषधं घेणाऱ्या सातजणांचं यकृताचं एसजीपीटी वाढलं होतं. त्रास काही नव्हता, औषध थांबवल्यावर आकडा खाली आला. पण रक्त तपासलं म्हणून कळलं. कोविडच्या काळात २०२०च्या शेवटच्या चार महिन्यांत मुंबईच्या यकृततज्ज्ञांना गुळवेल घेणारे सहा पेशंट यकृताला इजा झालेले दिसले, आणि पुढच्या वर्षी ते छापून आलं. आयुष मंत्रालयानं हरकत घेतली, वाद झाला, पुढे देशभरातल्या अनेक रुग्णालयांतून असे आणखी पेशंट नोंदले गेले. वादात कोण बरोबर हे मी ठरवणार नाही. पण तुमच्यापैकी कितीजण सहा महिने गुळवेल-गुग्गुळ चालू ठेवताना एकदा तरी यकृताची तपासणी लिहून देता? चिठ्ठ्या माझ्याकडे येतात, म्हणून विचारतो.

दुसरं, मात्रा. अभ्यासात जे वापरलं ते अर्क होते, मोजून-मापून. तुम्ही देता ते बहुतेकदा चूर्ण. दोन्हींवर 'हळद' लिहिलेलं असतं, पण हिशोब करून बघा. चांगल्या हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के. १५०० मिलिग्रॅम कर्क्युमिन हळदीतून मिळवायचं तर ५० ग्रॅम हळद, म्हणजे रोज अर्धी वाटी. रात्री दुधात टाकलेल्या चमचाभर हळदीत ते शंभर मिलिग्रॅमच्याही आत. त्यातलं रक्तात पोचतं फार थोडं. १९९८ साली बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधून जो अभ्यास आला, त्यात मिऱ्यातल्या पायपरीनच्या २० मिलिग्रॅमनं हे प्रमाण वीसपट झालं. तेच पायपरीन दुसऱ्या काही औषधांचंही रक्तातलं प्रमाण वाढवतं, फिटच्या फेनिटॉइनचं सुद्धा. हे पेशंटला कोण सांगणार? हळदीच्या दुधाला माझा विरोध नाही, घरी मीही पितो. गुडघ्याचं औषध म्हणून ते लिहून देऊ नका.

हळदीवरून आठवलं. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ साली दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरनं लढून १९९७ मध्ये ते रद्द करवलं, आणि आपण सगळ्यांनी छाती फुगवली. रास्तच होतं. पलीकडे हिंगोली जिल्ह्यात वसमतची हळद, तिला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. अमेरिकेकडून हळद सोडवून आणणाऱ्या या मुलखात, गुडघ्यासाठी किती घ्यायची, हे विचारायला माणूस औषधाच्या दुकानदाराकडे येतो. आणि दुकानदारासमोर ज्या डब्या असतात त्यांतल्या निम्म्या औषध म्हणून नोंदलेल्याच नसतात. त्या अन्नपूरक, खाद्यपदार्थाच्या परवान्यावरच्या. 'शल्लकी ५०० मिग्रॅ', म्हणजे आपली सालई, एवढं छापलेलं असतं. चूर्ण की अर्क, अर्कात बॉस्वेलिक आम्लं किती टक्के, हे बहुतेक डब्यांवर नसतं. मीच वाचू शकत नाही तर पेशंट काय वाचणार?

आणि तिसरं, जरा स्पष्ट बोलतो. बाहेर पाटी आयुर्वेदाची आणि आत डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन, असे दवाखाने आपल्या भागात किती आहेत हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पेशंट पेनकिलर चुकवायला तुमच्याकडे येतो. त्याला ती तुमच्याकडेच, न सांगता मिळते. संध्याकाळी तो माझ्याकडे येऊन सांगतो, "काढ्याचा एका दिवसात गुण आला बघा."

यात्रेतल्या आणि आठवडी बाजारातल्या पुडीबद्दल तुमच्याकडे तक्रार नाही, ती तुमची नव्हे. पण तिचा तपास तुमच्या टेबलावरच लागू शकतो. दुसऱ्या दिवशी दुखणं गायब, आठवड्यात भूक वाढलेली, दोन महिन्यांत चेहरा गोल आणि साखर तीनशे: त्या पुडीत वनस्पती किती होती आणि स्टेरॉइड किती, हे तुम्ही दोघंही बघताक्षणी ओळखता. मग पुडी मागून घ्या, अन्न व औषध प्रशासनाकडे पाठवा. पेशंटला फक्त 'फेकून द्या' म्हणू नका. महिनोन्महिने घेतलेलं स्टेरॉइड एकदम थांबवलं तर माणूस कोसळतो, ते हळूहळू उतरवावं लागतं आणि ते काम तुमचंच. जाहिरातींचं काय सांगावं! संधिवात बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४च्या कायद्यानं बंद आहे. माझ्या दुकानाच्या शटरवर अशी पत्रकं रात्रीतून चिकटतात, 'गुडघ्यात नवीन वंगण, पंधरा दिवसांत' अशी. पण वर सांगितलेल्या बी. जे. आणि नागपूरच्या अभ्यासांत एक्स-रे बदलला नव्हता. तस्मानियात २०२० साली सुजलेल्या गुडघ्याच्या ७० पेशंटना बारा आठवडे हळदीचा अर्क दिला गेला. दुखणं नकली गोळीपेक्षा कमी झालं, पण एमआरआयमध्ये सांध्यातली सूज आणि कूर्चा यांत फरक दिसला नाही. दुखणं कमी होतं, गुडघा नवा होत नाही. एवढं वाक्य तुम्ही दोघांनी एकाच सुरात म्हटलंत तर ती पत्रकं वाचायला कुणी थांबणार नाही.

व्यायामाबद्दल दोघंही गप्प असता, किंवा 'चालत जा' म्हणता. दुखऱ्या गुडघ्याच्या बाईला खुर्चीत बसून पाय सरळ उचलून धरायला कुणी दाखवत नाही. मांडीचा स्नायू बळकट झाला की गुडघ्याचा भार हलका होतो, आणि एक किलो वजन उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी कमी होतो, हे मोजलेलं आहे. अमेरिकेतल्या २०१९च्या त्याच मार्गदर्शिकेत ज्या गोष्टी ठामपणे 'करा' म्हटल्या आहेत त्यांत व्यायाम, वजन कमी करणं आणि गुडघ्यावर चोळायचं पेनकिलरचं जेल आहे. मिरचीतल्या कॅप्सेसिनच्या मलमालाही गुडघ्यासाठी तिथं सशर्त जागा आहे. आपल्या भागात मिरची उदंड, पण त्या मलमाच्या माझ्याकडून वर्षाला दोन-चार नळ्याही जात नाहीत, कारण कुणी लिहीतच नाही. निर्गुडीच्या पाल्याचा शेक, एरंडाचं पान, कोमट तेल, यावर मी काही बोलणार नाही, त्यानं बरं वाटतं ते वाटतं. फक्त जुन्या साखरेमुळे पायाची जाणीव गेलेल्या पेशंटला शेकताना पाय भाजतो, हे सांगायला विसरू नका.

आता मागणं काय? मोठं काही नाही. चिठ्ठी लिहिण्याआधी 'दुसरं काय काय घेता' हे रागावल्याशिवाय विचारा आणि मिळालेलं उत्तर चिठ्ठीवर लिहा, दुसऱ्या पॅथीचं असलं तरी. वनस्पतीचं औषध लिहिताना ते चूर्ण की अर्क, किती मिलिग्रॅम, किती आठवडे, हे लिहा. तीन महिन्यांत फरक नाही पडला तर बंद करायचं, हेही तिथंच लिहा. माझ्याकडे चार-चार वर्षं चालू असलेल्या कॅप्सूल आहेत ज्या कुणी सुरू केल्या हे आता पेशंटलाही आठवत नाही. आणि त्यासाठी तो महिन्याला हजार-बाराशे रुपये मोजतो. नफा मलाच होतो, तरी सांगतो.

डॉक्टरसाहेब, पेनकिलर रोजची होऊ लागली की किडनीसाठी क्रिएटिनिन करून घ्या. वैद्यराज, गुळवेल-गुग्गुळ लांबला की एसजीपीटी करून घ्या. दोन्ही तपासण्या लातूरला एकाच सुईत होतात.

आणि ज्यांच्या हातात संस्था आहेत त्यांना: लातूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, नांदेडला तसंच एक आहे आणि शासकीय आयुर्वेद महाविद्यालयही आहे. नांदेडला तर दोन्ही पॅथी एकाच गावात. गुडघ्याच्या पेशंटसाठी आठवड्यातून एक दिवस दोघांनी मिळून बाह्यरुग्ण विभाग चालवावा. त्या ४४० पेशंटच्या निमित्तानं जे जमलं, ते इथं रोजच्या कामात जमायला हवं. नव्या अभ्यासाला पैसा मिळेल तेव्हा मिळेल. आपल्या शेतातल्या बायकांचे गुडघे आणि आपल्या चुलीवरची हळद घेऊन कुणी एक साधा हिशोब तरी मांडावा.

माझ्याकडून जे होण्यासारखं आहे ते मी सुरू करतोय. गुडघ्याच्या प्रत्येक पेशंटच्या पिशवीत दुकानातून एक पोस्टकार्डाएवढा कागद टाकणार आहे. त्यावर तो घेत असलेल्या सगळ्या औषधांची नावं, दोन्ही पॅथींची, तंबूतल्या पुडीसकट, मी माझ्या अक्षरात लिहीन. खाली दोन रकाने कोरे असतील, एक डॉक्टरांसाठी, एक वैद्यांसाठी. 'चालू ठेवा', 'बंद करा', 'माहीत नाही', यांपैकी काहीही लिहिलंत तरी चालेल. कागद तुमच्यासमोर आला तर बाजूला सारू नका, तेवढी सही करून परत पाठवा. दुकान रात्री साडेनऊपर्यंत उघडं असतं.



आपला नम्र,
औसा येथील एक औषधविक्रेता